दंतविहाराच्या पलीकडची लंका
(धम्मप्रवासास निघालेल्या उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



आपल्या वस्तीतील तीस-पस्तीस मंडळी येत्या हिवाळ्यात श्रीलंकेस जाणार आहेत आणि त्यांच्यापुढे मी काही बोलावे, अशी विहार समितीची आज्ञा झाली. मी विद्वान नव्हे. दोन वेळा त्या देशात जाऊन आलो, बसने, रेल्वेने आणि पुष्कळसा पायी हिंडलो, एवढाच माझा अधिकार. परंतु प्रवासी कंपन्यांची छापील पत्रके मी वाचली आहेत. त्यांत कँडीचा दंतविहार, अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष, सीगिरियाचा खडक, हत्तींचे अनाथालय आणि समुद्रकिनारा ही नावे हटकून असतात. ही स्थळे पाहू नका, असे मी मुळीच सांगणार नाही. महाबोधीच्या सावलीत घटकाभर न बसता परतणारा बौद्ध मला तरी अभागीच वाटेल. पण पत्रकाच्या पलीकडे जी लंका आहे ती आपल्या अधिक कामाची आहे, आणि तिच्याविषयीच मी बोलणार आहे.

लंका आपणांस परकी नाही. महावंस नावाचे जे पाली इतिवृत्त आहे त्यात तिसऱ्या संगीतीनंतर कोणकोणत्या देशांत धम्मदूत धाडले त्याची यादी दिलेली आहे. त्या यादीत महारट्ठ आहे. तेथे महाधम्मरक्खित स्थविर गेले. आणि त्याच यादीत लंकाही आहे. तेथे सम्राट अशोकाचा पुत्र महिंद गेला. एकाच घरातून दोन गावी दोन पत्रे निघावीत तसे हे झाले. लंकेने आपले पत्र जपून ठेवले. आपल्याकडचे हरवले, आणि त्यातल्या चार ओळी तेवढ्या लेण्यांच्या भिंतींवर उरल्या. त्याच महावंसात असेही आहे की, लंकेत प्रथम उतरलेला विजय राजपुत्र आधी सुप्पारक बंदराला लागला होता. सुप्पारक म्हणजे आपले नालासोपारा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाच्या लंकेतील आगमनाचे चित्र आहे. ते पाहिलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध बंधुत्व संघाच्या पहिल्या परिषदेच्या निमित्ताने परमपूज्य बाबासाहेब लंकेला गेले. ते नुसते हार घ्यायला गेले नव्हते. बौद्ध राष्ट्रात बौद्ध धम्म प्रत्यक्ष कसा पाळला जातो, तो जिवंत आहे की नुसता विधींत उरला आहे, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून ते गेले. कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. लंकेला जाताना डोळे उघडे ठेवून जाणे हा आपला वारसा आहे, तो विसरू नये.

आता कोलंबोपासून सुरुवात करू. विमानतळावरून उतरलेले लोक त्या शहरात एक रात्र काढतात, दुकाने पाहतात आणि दुसऱ्या दिवशी कँडीची वाट धरतात. तुम्ही एक सकाळ राखून ठेवा आणि कोटहेना भागातील दीपदुत्तमाराम विहारात जा. गजबजलेल्या, बंदराजवळच्या वस्तीत तो आहे. आपल्या घरावर, विहारावर आणि जयंतीच्या मिरवणुकीत जो पंचरंगी ध्वज असतो तो १८८५ साली कोलंबोतील एका समितीने तयार केला आणि त्या वर्षीच्या २८ एप्रिलला, वैशाखी पौर्णिमेस, तो या विहारात मिगेट्टुवत्ते गुणानंद स्थविरांच्या हस्ते फडकला. इंग्रज सरकारने वैशाखी पौर्णिमेची सुट्टी दिली तो हाच दिवस. नील, पीत, लोहित, ओदात, मंजिष्ठ आणि या सर्वांचा मिळून सहावा पट्टा, हे आपली मुले पाठ म्हणतात. तो ध्वज प्रथम जेथे उभारला ते अंगण त्यांना दाखवावे. हेच गुणानंद स्थविर १८७३ साली पानदुरा गावी दोन दिवस ख्रिस्ती पाद्र्यांशी भर सभेत वाद करायला उभे राहिले होते. ते गावही कोलंबोच्या दक्षिणेस रेल्वेवरच आहे.

त्याच शहरात माळिगाकंद येथे विद्योदय परिवेण आहे. हिक्कडुवे सुमंगल नायक स्थविरांनी ते १८७३ साली स्थापन केले. मद्रासकडील अस्पृश्यांचे पुढारी पंडित अयोथी दास १८९८ साली कर्नल ऑल्कट यांच्या साहाय्याने लंकेस गेले, सुमंगल स्थविरांकडून त्यांनी बौद्ध दीक्षा घेतली आणि परत येऊन मद्रासेत शाक्य बौद्ध संघ काढला. नागपूरच्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधीची ही गोष्ट. मला ती पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती, हे कबूल करायला लाज वाटते.

कोलंबोहून समुद्राच्या कडेकडेने गाले शहराकडे रेल्वे जाते. खिडकीतून लाटांचे तुषार येतात इतकी ती जवळून जाते. सुमारे ऐंशी किलोमीटरवर बलपिटिय हे गाव लागते. तेथे माडू गंगा नावाचे विस्तीर्ण खाजण आहे. त्यात लहानमोठी बेटे, कांदळवन, पाणकावळे, घोरपडी सारे काही आहे. २००३ साली त्या पाणथळीची आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंद झाली. परदेशी पाहुणे मोटारबोटीत बसून दोन तास फिरतात, एका बेटावर दालचिनी कशी सोलतात ते पाहतात, दालचिनीचे तेल विकत घेतात आणि जातात. नावाडीही त्यांना दुसरे काही सांगत नाही. पण माझ्या मते आपल्या समाजाने लंकेत पाहण्यासारखे याहून मोठे स्थळ नाही.

हे नीट समजून घ्या. अठराव्या शतकात लंकेतील भिक्खुसंघाची परंपरा तुटली होती. १७५३ साली सयाम देशातून उपाली स्थविर आले आणि कँडीत त्यांनी उपसंपदा पुन्हा सुरू केली. सयाम निकाय तो हाच. पण पुढे थोड्याच वर्षांत राजाज्ञेने असे ठरले की उपसंपदा फक्त गोयिगम जातीच्या, म्हणजे शेतकरी म्हणवणाऱ्या वरिष्ठ जातीच्या मुलांना द्यायची. इतरांनी श्रामणेर व्हावे, चीवर घालावे, पण पूर्ण भिक्खू होऊ नये. तथागतांनी ज्या संघात नद्या समुद्राला मिळाव्यात तशा सर्व जाती विरून जाव्यात असे सांगितले, ज्या संघात उपाली न्हावी राजपुत्रांच्या आधी घेतला गेला, त्या संघाच्या दारावर जात विचारणारा पहारेकरी बसला! बंधूंनो, हे ऐकताना तुम्हाला जसे वाटते आहे तसेच मलाही वाटले होते. परंतु हे लपवून काय उपयोग? जेथे धम्म गेला तेथे जात मेली असे समजून जो निश्चिंत बसतो त्याच्या दारात ती मागच्या वाटेने येते.

किनाऱ्यावर सलागम जातीचे लोक राहत. दालचिनी सोलणे हे त्यांचे जातीने नेमलेले काम. पोर्तुगीजांनी आणि पुढे डचांनी ते वेठीने करून घेतले. दर माणशी इतकी साल भरलीच पाहिजे असा दंडक होता. महारकीच्या वतनाखाली ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सरकारी टपाल पळवले, लाकडे फोडली, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. या सलागमांत अंबगहपिटिये ज्ञानविमल नावाचे श्रामणेर होते. कँडीचे दार बंद, म्हणून ते दाराशी पदर पसरून बसले नाहीत. १७९९ साली काही सोबती घेऊन ते गलबतात बसले आणि ब्रह्मदेशाची तेव्हाची राजधानी अमरपुरा येथे गेले. तेथल्या संघाने त्यांची जात विचारली नाही. १८०० साली त्यांना उपसंपदा मिळाली. १८०३ साली ब्रह्मी भिक्खूंना बरोबर घेऊन ते परतले आणि त्याच वर्षी त्यांनी लंकेच्या भूमीवर नव्हे, तर या माडू गंगेच्या पाण्यावर उपसंपदेचा विधी केला.

पाण्यावर का? विनयात उपसंपदेसाठी सीमा लागते. जमिनीवर सीमा बांधायची तर ती शुद्ध की अशुद्ध, जुन्या सीमेत मिसळली की काय, असे शंभर वाद निघतात. पण नदी, समुद्र आणि नैसर्गिक सरोवर यांना विनयाने मोकळीक दिली आहे. मध्यम ताकदीच्या माणसाने चहूकडे ओंजळभर पाणी फेकले तर ते जेथवर पोहोचेल तेथवर आपोआप सीमा होते. तिला उदकुक्खेप सीमा म्हणतात. अमरपुर निकाय तेथे जन्मला. मी त्या खाजणात नावेत बसलो होतो तेव्हा मला दुसऱ्या एका पाण्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपल्या लोकांना डोकी फोडून घ्यावी लागली. येथे सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच ओंजळीने माणसांना भिक्खू केले होते.

पुढचे सांगितले नाही तर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. अमरपुर निकायातही पुढे जातवार तुकडे झाले. सलागमांचा वेगळा, कोळीकाम करणाऱ्या करावांचा वेगळा, ताडी काढणाऱ्या दुरावांचा वेगळा. आणि कँडीच्या मुख्य केंद्रांत उपसंपदेची जुनी प्रथा आजही मोडलेली नाही. तुम्ही दंतविहारात फुले वाहाल तेव्हा हे ध्यानात असू द्या. फुले वाहू नका असे मी म्हणत नाही. धातूचा अपराध नाही.

बेटावर दालचिनी सोलणारा गृहस्थ आम्हांला भेटला. वरची खरखरीत साल खरवडली, आतल्या सालीवर पितळी दांडी घासली, सुरीने उभा छेद दिला आणि हातमोजा काढावा तशी नळी अलगद काढली. पिढ्यांचा हात आहे, असे तो हसत म्हणाला. आम्ही हसलो नाही. मग त्यालाच आम्ही ज्ञानविमलांविषयी विचारले. तेव्हा त्याने काम बाजूला ठेवले आणि किनाऱ्याकडे बोट दाखवून बराच वेळ बोलत राहिला. दुभाष्याला सगळे सांगता आले नाही.

आता डोंगराकडे वळू. कँडीच्या उत्तरेस मातले हे गाव आहे, आणि तेथून थोडे पुढे, दंबुल्लाच्या रस्त्यालगतच, अलुविहार. बसगाड्या त्यावरून धूळ उडवीत जातात, कारण दंबुल्लाची चित्रे पाहण्याची घाई असते. मोठमोठ्या शिळांच्या सांदीत काही गुहा, एवढेच तेथे आहे. पण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, संपूर्ण पाली त्रिपिटक प्रथम लिहून काढले गेले ते येथे, अशी लंकेची परंपरा आहे. तोवर सुमारे चार शतके बुद्धवचन कंठात होते, कागदावर किंवा पानावर नव्हते.

ते लिहावे का लागले? देशावर परचक्र आले आणि त्याच सुमारास भयंकर दुष्काळ पडला. अट्ठकथांत त्या दिवसांचे वर्णन आहे. भिक्खू कंदमुळे आणि पाला खाऊन राहिले. बसण्याचीही शक्ती उरली नाही तेव्हा वाळूचे उंचवटे करून त्यांवर डोकी टेकली आणि पडल्यापडल्या सुत्ते घोकली, का तर आपण मेलो तरी शब्द मरू नये. महानिद्देस हा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्खू उरला होता आणि त्याचे शील चांगले नव्हते. शीलवान स्थविरांना त्याच्याकडे जाण्याची किळस होती. तरीही त्यांनी एकाला समजावून धाडले आणि ग्रंथ शिकून घेतला. माणूस वाईट म्हणून विद्या बुडू दिली नाही. या अनुभवानंतर त्यांना कळले की ज्ञान स्मृतीच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे.

ज्यांना शास्त्राने अक्षर वर्ज्य केले होते त्यांच्या मुलांना मी या ठिकाणी का नेतो आहे, ते वेगळे सांगत नाही. तेथे आजही ताडपत्र कसे लिहितात ते करून दाखवतात. कोवळे पान उकळून, वाळवून, गुळगुळीत करतात. मग लोखंडी टोकदार लेखणीने त्यावर कोरतात. कोरताना काहीच दिसत नाही. नंतर काजळी आणि तेल यांचे मिश्रण चोळून पुसले की अक्षरे काळीभोर उमटतात. भेट देणाऱ्यांची नावे ते अशा पट्टीवर लिहून देतात. माझे नाव विचारले तेव्हा मी माझ्या आईचे सांगितले. तिला स्वतःचे नाव कधी लिहिता आले नाही. ती पट्टी आमच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलेली आहे.

अलुविहारातील जुन्या पोथ्यांचा मोठा साठा १८४८ च्या मातले बंडाच्या वेळी इंग्रज फौजेच्या हातून नष्ट झाला, हेही तेथे सांगतात. आणखी एक सूचना. तेथल्या एका गुहेत नरकयातनांची रंगीत चित्रे आणि पुतळे आहेत. पाप्यांना करवतीने कापले जात आहे वगैरे. लहान मुले घाबरतात. भीती घालून शील पाळायला लावणे मला पटत नाही, म्हणून मी मुलांना तेथून पुढे काढले. तुम्ही काय करायचे ते ठरवा.

मातल्याहून परत कँडीस येऊन पूर्वेकडच्या डोंगरांतून बदुल्लापर्यंत जाणारी रेल्वे फार रमणीय म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ती तशी आहेच. दोन्ही बाजूंना चहाचे मळे. पाटी पाठीवर घेतलेल्या बायकांची छायाचित्रे सगळेच काढतात. त्या बाया कोण? इंग्रजांनी तामिळ मुलखातून नेलेल्या मजुरांच्या नाती-पणती, आणि त्यांतले पुष्कळ आपल्यासारख्याच अस्पृश्य जातींचे. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांतील लाखोंना कोणत्याच देशाचे नागरिक ठेवले नाही. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारानंतर पुष्कळांना भारतात धाडले. उरलेल्यांचा प्रश्न कायद्याने सुटला तो थेट २००३ साली. गाडी एखाद्या लहान स्थानकात थांबली की मळ्याच्या कडेला एकाला एक चिकटलेल्या खोल्यांची रांग दिसते. तिला तिकडे लाइन म्हणतात. कॅमेरा खाली ठेवून ती रांग पाहा.

अनुराधपूरला तुम्ही जाणारच. तेथून बारा-तेरा किलोमीटरवर मिहिंतले आहे. महिंद स्थविर आणि देवानंपिय तिस्स राजा यांची भेट ज्येष्ठी पौर्णिमेस झाली ती येथे. अठराशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण रुंद आणि उथळ, दोन्ही अंगांना चाफ्याची झाडे, त्यामुळे म्हातारी माणसेही बसत-उठत चढतात. शिकारीला निघालेल्या राजाची बुद्धी धम्म पेलेल की नाही हे पाहण्यासाठी स्थविरांनी त्याला आंब्याच्या झाडावरून कोडे घातले. हा आंबा, याशिवाय दुसरे आंबे आहेत का, आंब्यांशिवाय दुसरी झाडे आहेत का, आणि ते सगळे आंबे व ती सगळी झाडे सोडून आणखी एखादे झाड आहे का? राजा म्हणाला, हा समोरचा आंबा आहे. आपल्या पोरांना हे कोडे चढताना घालावे. उत्तर लवकर सांगू नये.

लोक वर जातात आणि खाली येतात, पण पायथ्याशी जे अवशेष आहेत त्यांकडे फार थोडे वळतात. तेथे नवव्या शतकातील रुग्णालय आहे. चौकाभोवती रोग्यांच्या खोल्या आणि माणसाच्या आकाराची कोरलेली एक दगडी डोणी. तिच्यात औषधी काढा किंवा तेल भरून रोग्याला निजवीत. थोडे वर भोजनशाळेजवळ दोन प्रचंड शिलापट्ट उभे आहेत. दहाव्या शतकातील चौथ्या महिंद राजाचे ते शासन. विहाराचा कारभार कसा चालावा, कोणत्या सेवकाला किती वेतन वा जमीन, खर्चाचे हिशेब कसे लिहून संघापुढे ठेवायचे, असे सर्व त्यात कोरले आहे. कामाचा मोबदला दगडावर लिहून ठेवणारा विहार! आमच्यातील एक गृहस्थ कामगार संघटनेत आयुष्यभर काम केलेले. ते त्या दगडापुढून हलेनात. आपल्या विहार समित्यांच्या चिटणीसांनीही तो शिलालेख अवश्य पाहावा, असे मी अध्यक्षांची क्षमा मागून म्हणतो.

अनुराधपूर आणि हबरण यांच्या मधल्या रानात रितिगल हा डोंगर आहे. मुख्य रस्ता सोडून आत जावे लागते. दाट झाडीतून दगडी फरसबंदीची वाट वर चढते. पायऱ्या उतरत जाणारे मोठे तळे आहे, जोडीजोडीने बांधलेले दगडी चौथरे आहेत. परंतु स्तूप नाही, मूर्ती नाही, बोधिघर नाही. पाहुण्यांना वाटते, येथे पाहण्यासारखे काहीच नाही. नवव्या शतकात पहिल्या सेन राजाने हा विहार पांसुकूलिक भिक्खूंसाठी बांधला.

पांसुकूलिक म्हणजे काय? धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून तेवढेच चीवर घालण्याचे व्रत घेतलेला भिक्खू. हे ऐकून तुमच्यातील वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मला येथून दिसते आहे. मनुस्मृतीने चांडाळाला प्रेतावरचे वस्त्र नेमून दिले. आमच्या गावी मयतावरचे कापड हा महाराचा हक्क म्हणत. हक्क! माझ्या आज्याने त्या कापडाचे सदरे घातले, आणि माझ्या बापाने ते नाकारले तेव्हा गावाने त्याला वर्षभर वाळीत टाकले. मी रितिगलच्या त्या रिकाम्या चौथऱ्यावर बसलो आणि विचार करीत राहिलो. तेच स्मशान, तेच कापड. एकाच्या अंगावर ते जन्मामुळे लादलेले आणि दुसऱ्याने, कदाचित श्रीमंत घरातल्या मुलाने, आपण होऊन उचललेले. दोन्हींना एक म्हणता येणार नाही. त्यागाला निवड लागते. आमच्या बापजाद्यांना निवड नव्हती, म्हणून त्यांची चिंधी व्रत झाली नाही. मात्र एक निश्चित की त्या कापडात विटाळ नव्हता. तो असता तर राजाने ते घालणाऱ्यांसाठी एवढा डोंगर कोरवला नसता.

आग्नेयेकडे वेल्लवाय गावाजवळ बुदुरुवगल येथे एका कड्यावर सात भव्य मूर्ती कोरल्या आहेत. मधली बुद्धमूर्ती पन्नास फुटांहून उंच आहे आणि बाजूला अवलोकितेश्वर, तारा आहेत. कान्हेरी, वेरूळ पाहिलेल्यांना ओळख पटेल. वेळ असेल तरच तिकडे जा, वाट लांबची आहे.

उत्तरेकडे जाफन्यास मात्र जा. १९८३ पासून २००९ पर्यंत त्या भागाने युद्ध सोसले. चुन्नाकमजवळ कंदरोडै येथे पोवळ्याच्या चुनखडीचे विसाच्या आसपास बुटके स्तूप एकमेकांशेजारी दाटीने उभे आहेत. ताडांच्या बनात ते पाहताना चमत्कारिक शांतता वाटते. हे कोणाचे, सिंहलींचे की तामिळांचे, असा वाद तेथे चालतो. मला तो वाद ऐकून दुःख झाले. तामिळ लोकही एके काळी बौद्ध होते. मणिमेखलै हे बौद्ध महाकाव्य तामिळच आहे. जाफना शहरात सार्वजनिक ग्रंथालयाची पांढरी इमारत आहे. १९८१ च्या ३१ मेच्या रात्री ते जाळले गेले आणि सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथ व हस्तलिखिते भस्म झाली. इमारत पुन्हा उभी राहून २००३ साली उघडली. अलुविहार जितक्या श्रद्धेने पाहाल तितक्याच गांभीर्याने हेही पाहा. जाळणाऱ्या जमावात आपल्याला बौद्ध म्हणवणारे लोक होते. आणि जाफन्यातील तामिळ समाज स्वतःही जातीतून सुटलेला नव्हता. माविट्टपुरमच्या देवळात जाण्यासाठी तेथील अस्पृश्यांना १९६८ साली सत्याग्रह करावा लागला. काळाराम मंदिराच्या दाराशी जे झाले त्यानंतरची ही अडतिसाव्या वर्षाची गोष्ट.

त्याच किनाऱ्यावर जंबुकोल पट्टण आहे. संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन येथे उतरल्या आणि अनुला राणीसह स्त्रियांना त्यांनी प्रव्रज्या दिली. लंकेचा भिक्खुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला. १९९६ साली सारनाथला लंकेच्या स्त्रियांनी पुन्हा उपसंपदा घेतली. सर्व निकायांनी तिला अजून मान्यता दिलेली नाही. भगिनींनी हा प्रश्न तेथील भन्तेंना अवश्य विचारावा. आमच्याबरोबरच्या एका ताईंनी विचारला होता आणि उत्तर बरेच लांबले.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. विहारात टोपी आणि वहाणा काढाव्या लागतात. दुपारी फरशी तापते, म्हणून सकाळी लवकर जावे. पांढरी वस्त्रे बरी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये, ते लोक फार दुखावतात. प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी दारू विकत नाहीत. आपल्याकडे असे झाले तर किती बरे!

जवळजवळ प्रत्येक विहाराच्या आवारात विष्णू, कतरगम, पत्तिनी यांचे देवालय असते. यजमान प्रेमाने तिकडेही नेतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, तेव्हा काय करायचे? आम्ही आत गेलो, पाहिले, हात जोडले नाहीत. एका वृद्ध उपासिकेने कारण विचारले. आम्ही दुभाष्याकरवी पहिली प्रतिज्ञा सांगितली, आणि ती का घ्यावी लागली तेही सांगितले. तिने आमचे ऐकून घेतले, ताटातला फुलांचा अर्धा वाटा आमच्या हाती दिला आणि म्हणाली, चला, बोधिवृक्षाकडे जाऊ. रागावणे नको, वाद नको, आणि हात जोडणेही नको.

शेवटचे स्थळ नागदीप. कुरिकट्टुवान धक्क्यावरून होडीने वीस-पंचवीस मिनिटांत त्या बेटावर पोहोचता येते. रत्नजडित आसनासाठी लढायला निघालेल्या दोन नाग राजांचे, मामा-भाच्यांचे, भांडण तथागतांनी येथे येऊन मिटवले, अशी महावंसातील कथा आहे. तिला इतिहास म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण ज्या नाग लोकांनी धम्म भारतभर नेला असे बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात सांगितले, त्यांचे नाव त्या बेटाला आहे, एवढे खरे. बेटावर एका टोकाला विहार आहे आणि जवळच नागपूषणी अम्मनचे तामिळ देऊळ. एकाच होडीत पांढऱ्या साडीतील सिंहली बाया आणि कुंकू लावलेल्या तामिळ बाया गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असतात. होडीत गर्दी फार होते, तेव्हा मुलांना मधोमध बसवा. आणि परतीची शेवटची होडी किती वाजता सुटते ते धक्क्यावर आधी विचारून घ्या. आमची एकदा चुकली होती. ती रात्र आम्ही विहाराच्या ओसरीवर काढली, आणि जेवण मात्र देवळाच्या अन्नछत्रातून आले.